‘पेशंटला औषधं कोणती चालू आहेत?’ हे विचारणारी मिरजेतली लॅब

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. लॅब म्हटलं की आम्हाला आधी देठ परीक्षण आठवतं, म्हणजे वेलीला कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय ते बघायची तपासणी. पानांचे देठ काढायचे, कागदी पिशवीत भरायचे आणि वर वाण, प्लॉट, छाटणीची तारीख लिहायची. छाटणीची तारीख नसेल तर रिपोर्टातल्या आकड्यांचा उपयोग नाही, हे शेतकऱ्यालाही माहीत असतं आणि लॅबवाल्यालाही. माणसाच्या नमुन्याचंही अगदी तसंच असतं, हे मला २०२४ च्या पावसाळ्यात मिरजेतल्या या लॅबमुळे कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांच्या घरात ट्रान्सप्लांटचा, केमोचा, एचआयव्हीचा किंवा महिनोन्‌महिने स्टिरॉइडवर असलेला पेशंट आहे, त्यांनी वेळ काढून वाचावं.

बायकोचं किडनी ट्रान्सप्लांट २०२२ साली पुण्यात झालं. किडनी सासूबाईंनी दिली. तेव्हापासून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टिरॉइड, सगळं घड्याळ लावून. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. दोन वर्षं सगळं नीट चाललं. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला तो आकडा जो वाढला की किडनीचं काम मंदावलं समजायचं, १.२ च्या पुढे कधी गेलं नाही.

आषाढात जुलाब लागले. नुसतं पाणी, दिवसातून दहा-बारा वेळा. रक्त नाही, ताप अगदी कणकण. गावात तेव्हा बऱ्याच जणांची पोटं बिघडली होती. त्यांची चार-सहा दिवसांत सावरली, हिचं थांबेना. जवळच्या एका लॅबमध्ये संडासची तपासणी केली. रिपोर्ट आला, ‘ओव्हा, सिस्ट नॉट सीन’. म्हणजे जंतांची अंडी नाहीत, आमांशाचे जंतू नाहीत. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, फरक शून्य. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, त्यामुळे तेच असेल म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचा डोस कमी केला. तरी तेच. दोन आठवड्यांत वजन ५४ वरून ४८ वर आलं. अंगावरची साडी दोन वेळा गुंडाळल्यासारखी दिसायला लागली. क्रिएटिनिन १.९ आणि रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल जवळजवळ दुप्पट. गोळी तेवढीच, मग लेव्हल वाढली कशी, हे मला कळेना. डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याचं अस्तर या औषधाचा बराच भाग रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. जुलाबात ते अस्तर दुखावतं, मग औषध जास्त आत जातं आणि किडनीलाच त्रास देतं. एका जुलाबाने किडनीला दोन बाजूंनी घेरलं होतं, पाणी कमी पडून आणि औषध जास्त होऊन.

त्यांनी फोनवर सांगितलं, ‘क्रिप्टोस्पोरिडियम, सायक्लोस्पोरा, सिस्टोआयसोस्पोरा, हे तीन परजीवी जंतू बघायला सांगा. साध्या तपासणीत दिसत नाहीत, वेगळा रंग द्यावा लागतो.’ मी कागदावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या एका लॅबमध्ये नेऊन दिलं. तिथल्या मुलाने कागद बघितला, डबी घेतली, पैसे घेतले आणि संध्याकाळी परत तोच साधा रिपोर्ट हातात दिला. त्या रात्री मी फार वैतागलो होतो. माणूस समोर वाळत चाललाय आणि कागदावर सगळं नॉर्मल.

शेवटी मिरज. आमच्याकडे काही अडलं की मिरजच. वॉनलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून म्हणजे १८९४ पासून या गावाची तीच ओळख आहे. सांगली जिल्ह्यातून येतात तसे पेशंट पलीकडच्या कर्नाटकातूनही येतात. या लॅबला आधी फोन केला. फोन उचलणाऱ्या ताईंनी नाव, वय, गाव विचारायच्या आधी विचारलं, ‘पेशंटला औषधं कोणती चालू आहेत?’ मी ट्रान्सप्लांट म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘थांबा, मॅडमना देते.’ आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडम स्वतः फोनवर आल्या. पंधरा दिवसांत दोन लॅब झाल्या होत्या. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

काउंटरवर एक छापील फॉर्म असतो, वर मराठी, खाली कन्नड. त्यात खुणा करायच्या: अवयव प्रत्यारोपण, कॅन्सरचं औषध, स्टिरॉइड, एचआयव्ही, डायलिसिस. खाली जुलाब किती दिवसांपासून, पाणी कुठलं पिता, घरी जनावरं आहेत का, शेतात अनवाणी काम करता का. फॉर्म भरताना मला देठाच्या पिशवीवरची छाटणीची तारीख आठवली. नमुना कुणाचा आहे हे ठाऊक असेल तरच त्यात काय शोधायचं ते ठरतं.

त्यांनी तीन डब्या दिल्या, रुंद तोंडाच्या. तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने हवेत, कारण हे जंतू रोज सारखे बाहेर पडत नाहीत. एक दिवस मिळेल, एक दिवस मिळणार नाही. लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू द्यायचं नाही. आमचं गाव लांब, ताजा नमुना वेळेत पोचेलच असं नाही, म्हणून सोबत फॉर्मलिन घातलेल्या डब्याही दिल्या. थोडा भाग त्यात टाकायचा, झाकण घट्ट लावून हलवायचं आणि त्याचा वास घ्यायचा नाही. हे ताईंनी मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मला त्याचा राग आला नाही.

पहिल्या नमुन्यात काहीच सापडलं नाही. मी निराश झालो. फोनवर ताई म्हणाल्या, ‘दादा, म्हणूनच तीन मागितलेत.’ दुसऱ्या दिवशीचा नमुना देऊन मी खाली चहा घेत होतो तोवर वरून हाक आली.

मॅडमनी मला आत बोलावून मायक्रोस्कोप दाखवला. पेशंटच्या माणसाला हे कुणी दाखवत नाही, म्हणून लिहून ठेवतो. काचेवर तेलाचा थेंब होता, त्यात भिंग बुडालेलं. पहिल्यांदा मला नुसता निळसर धुरळा दिसला. त्यांनी स्क्रू एक केसभर फिरवला आणि त्या निळ्यात लाल-गुलाबी गोल दाणे उमटले, डाळिंब फोडल्यावर दिसतात तसे. काही गडद, काही फिके, एकदोन नुसती पोकळ कडा राहिलेले. सगळे साधारण एकाच मापाचे. ‘हे क्रिप्टोस्पोरिडियम,’ त्या म्हणाल्या. टीबीचा बेडका तपासताना जो लाल रंग देतात, त्याच जातीचा हा रंग. लाल द्यायचा, आम्लाने धुवायचा, मग निळा द्यायचा. बाकी सगळं निळं होतं, याचं कवच मात्र लाल सोडत नाही. रंग दिला नाही तर हे दाणे इतके बारीक आणि पारदर्शक, की यीस्टसारखे वाटून नजर पुढे सरकते. आधीच्या दोन रिपोर्टांत त्यांनी लिहिलं ते खोटं नव्हतं. त्यांना दिसलं नाही, कारण दिसेल असं काही केलंच नव्हतं.

मी माप विचारलं. ४ ते ६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ठिबक वापरणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. आमच्या फिल्टरची जाळी १२० मेशची, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपासचं भोक. त्या एका भोकातून हे वीस-पंचवीस दाणे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून जातील. विहिरीचं पाणी सँड फिल्टरमधून येतं, स्वच्छ दिसतं, या विश्वासावर मी इतकी वर्षं होतो.

‘पण आम्ही टीसीएल टाकतो,’ मी म्हणालो. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर. विहिरीत आम्ही टाकतो, टाकीत ग्रामपंचायत टाकते. मॅडम म्हणाल्या, कॉलरा, टायफॉइडच्या जंतूंना क्लोरीन पुरतं आणि ते टाकायलाच हवं. पण या दाण्याच्या कवचाला पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने काही होत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून, शुद्ध करून क्लोरीन घातलेल्या पाण्यातून, सुमारे ४ लाख माणसं याच जंतूने आजारी पडली. धडधाकट माणसं एकदोन आठवड्यांत बरी झाली. जी दगावली त्यांतली बहुतेक एड्सची रुग्ण होती. आमच्या गावात बाकीच्यांची पोटं चार-सहा दिवसांत सावरली आणि हिचं नाही, त्याची संगती तिथे लागली. गावातल्या बाकीच्यांचं कुणी तपासलं नाही, त्यामुळे त्यांना हेच झालं होतं असं मी म्हणणार नाही.

मग त्यांनी फॉर्मवरच्या जनावरांच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘गोठ्यात लहान वासरू आहे?’

होतं. जूनच्या शेवटी गाय व्याली होती. आठदहा दिवसांच्या कालवडीला पिवळी पाण्यासारखी हगवण लागली होती. ही तिला बाटलीने दूध पाजायची, शेपटीखालचं फडक्याने पुसायची. घरात लक्ष्मी आली म्हणून तिचा फार जीव त्या कालवडीवर. लहान वासरांच्या हगवणीत हा जंतू नेहमी सापडतो आणि वासराकडून माणसाला लागतो. पोटातून बाहेर पडला की लगेच दुसऱ्याला लागायला तयार असतो आणि दहाच्या आसपास दाणे गेले तरी पुरतात. आमच्याकडे कोविडपासून सॅनिटायझरची सवय, गोठ्यातून आलं की तेच हाताला चोळायचं. अल्कोहोलच्या सॅनिटायझरनेही हा मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नाही. वासरामुळे झालं की विहिरीमुळे, हे या तपासणीतून सांगता येत नाही, हेही मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मला हा स्पष्टपणा आवडला. बायकोला मी वासराचं घरी गेल्यावर लगेच सांगितलं नाही, दोन दिवसांनी सांगितलं.

तिन्ही जंतूंची नावं वेगळी लिहिणं का गरजेचं, तेही इथेच समजलं. तिघेही त्याच रंगात दिसतात, पण माप आणि आकार वेगळा. सायक्लोस्पोरा ८ ते १० मायक्रॉनचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि त्याचा रंग कधी गडद, कधी अजिबात नाही. सिस्टोआयसोस्पोरा आणखी मोठा, लांबट अंड्यासारखा. या दोघांना सल्फाची गोळी लागू पडते, जी बाजारात सेप्ट्रान म्हणून मिळते. क्रिप्टोस्पोरिडियमला ती लागू पडत नाही. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘परजीवी आढळले’ लिहून भागत नाही. या लॅबच्या रिपोर्टवर नाव होतं, माप होतं, कोणती रंगपद्धत वापरली ते होतं, कितवा नमुना ते होतं आणि बाकीचे दोन दिसले नाहीत हेही होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो लॅबचा विषय नाही. नायटाझोक्सानाइड हे परजीवींवरचं औषध दिलं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे डोस त्यांनी मोजूनमापून खाली आणले, कारण या जंतूला शेवटी आपल्याच शरीराने हाकलावं लागतं, नुसत्या गोळीचा भरवसा नाही. हे डोस स्वतःच्या मनाने कुणी हलवू नयेत, किडनी जाते. सांगलीत सहा दिवस सलाईन लावून ठेवलं होतं. जुलाब पूर्ण थांबायला पाच आठवडे लागले. क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबलं, जुन्या १.२ वर गेलं नाही. ती ०.२ मला अजून टोचते. पहिल्या आठवड्यातच रंग देऊन तपासलं असतं तर, हा विचार रात्री येतो. उपचारानंतर परत तीन नमुने दिले, तिन्ही स्वच्छ. त्या तीन नमुन्यांचे पैसे लॅबने एकाचेच घेतले, मी मागितलं नव्हतं.

या लॅबचा आणखी एक अनुभव सांगतो, कारण त्यात ‘नाही’ म्हणण्याची गोष्ट आहे. चुलत्यांना फुप्फुसाच्या आजारासाठी जास्त ताकदीचं स्टिरॉइड सुरू करायचं ठरलं. त्यांचं सगळं आयुष्य चिखलात अनवाणी गेलं. मायक्रोस्कोप दाखवला त्या दिवशी मॅडमनी बोलता बोलता स्ट्राँगिलॉइड्सचं सांगितलं होतं. मातीतली बारीक अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्यात राहते, तिथेच स्वतःची पिलावळ पुन्हापुन्हा वाढवत दशकानुदशकं टिकते आणि माणसाला पत्ताही नसतो. स्टिरॉइड सुरू झालं की ती मोकाट सुटते, फुप्फुसापासून मेंदूपर्यंत जाते, सोबत आतड्यातले जंतू रक्तात नेते. त्यातून माणूस वाचणं अवघड. आधी कळलं तर मात्र आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांनी ती जाते, तीच आयव्हरमेक्टिन जी जनावरांच्या डॉक्टरांकडे आपण बघतो. म्हणून स्टिरॉइडच्या आधी चुलत्यांना तिकडे नेलं. तीन नमुन्यांत अळी दिसली नाही. दुसऱ्या कुणी ‘निल’ लिहून मोकळं केलं असतं. मॅडम म्हणाल्या, ‘या अळीच्या बाबतीत संडासची तपासणी बऱ्याचदा चुकते. रक्तातली अँटिबॉडीची तपासणी करा. ती आमच्याकडे होत नाही, बाहेर पाठवावी लागते, खर्च जास्त आहे. पण यांच्यासाठी करा.’ आम्ही केली. ती निगेटिव्ह आली तेव्हा स्टिरॉइड सुरू केलं आणि चुलते आता ठीक आहेत.

आता ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्या. लॅब पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि खडा, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. बायकोला रक्त द्यायला आणलं तेव्हा मधल्या टप्प्यावर तिला पायरीवर बसवावं लागलं. तिथे निदान एक खुर्ची ठेवा. खाली नमुना घेण्याची खिडकी केली तर फार बरं होईल. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेत येतो, पण सगळा इंग्रजीत. फॉर्म दोन भाषांत छापता, तर रिपोर्टखाली मराठी-कन्नडमध्ये दोन ओळी लिहायला हव्यात. बायको दहावी शिकलेली, तिला स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचायचा होता. वाट बघायला जागा कमी, सकाळी नऊ-दहाला गर्दीत मास्क न लावता खोकणारी माणसं मांडीला मांडी लावून बसतात. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला अशा ठिकाणी बसवू नये, त्यांना वेगळी वेळ द्या. पैसे साध्या तपासणीच्या अडीचपट लागले. मला ते जास्त वाटले नाहीत. देठ परीक्षणाला, माती परीक्षणाला, पाणी परीक्षणाला आम्ही दरवर्षी याहून कितीतरी जास्त घालतो.

घरी काय बदललं तेही लोक विचारतात म्हणून सांगतो. हिच्या पाण्याचं पातेलं वेगळं. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवायचं, झाकून गार करायचं, त्याच पाण्याने दात घासायचे. घरात आरओ होता, पण आधी तो बसवणाऱ्या माणसाला ‘या कार्ट्रिजचा एक मायक्रॉन नॉमिनल की अ‍ॅब्सोल्यूट?’ विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. नॉमिनल म्हणजे बरेचसे कण अडतात, अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे त्या मापाच्या वरचं जवळपास काहीच जात नाही, आणि आपल्याला दुसरं हवं. आम्ही यंत्र ठेवलंय, पण उकळणं सोडलं नाही. बाहेरचा उसाचा रस, बर्फ, लग्नातलं पाणी बंद. कोथिंबीर, काकडी कच्ची नाही. गोठ्याचं सगळं काम माझ्याकडे आणि थोरल्या भावाकडे. कालवड आता मोठी झाली आहे. ही लांबून, उंबऱ्यातून तिला हाक मारते आणि ती मान वळवून बघते.

पाचपैकी साडेचार. अर्धा जिन्यासाठी कापला.

जाणार असाल तर: रविवारी बंद असते. सकाळी अकरानंतर गर्दी ओसरते. आधी फोन करून डब्या घेऊन या, मेडिकलमधल्या साध्या डबीत नमुना नेऊ नका. चालू औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स न्या, ती ते फॉर्मला टाचून ठेवतात. आणि तिन्ही नमुने द्या, पहिला स्वच्छ आला तरी.